डोमाजीच्या पट्ट्या

शेवंता सिस्टर नव्या माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, कपड्याकडे बघत. आणि नुसतं बघून त्यांचं भागत नसे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात कापडाची कड धरून ती हलकेच चोळत. सतराएक वर्षांपूर्वी नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांनी माझ्या शर्टाची बाही अशीच धरली होती. आत बाबांच्या मोडलेल्या खुब्यात सळई बसवणं चाललं होतं आणि मी बाहेर येरझारा घालत होतो, तेही एका लग्नात आहेर म्हणून मिळालेला चकचकीत शर्ट घालून. घाईत तोच हाताला लागला होता.

"टेरिकॉट," सिस्टर म्हणाल्या. "घाम पेत नाही हे. काळजीच्या दिवशी सुती घालावं, भाऊ."

मी म्हणालो, पुढच्या वेळी लक्षात ठेवीन.

"पुढची वेळ काहून आणता?" असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

त्या तिथल्या मेट्रन होत्या. साठीच्या पुढचं वय, उंची माझ्या खांद्याइतकी, पांढऱ्या साडीला अशी इस्त्री की निऱ्यांनी बोट कापेल. बाकीच्या नर्सेसच्या बिल्ल्यांवर एकेक नाव. यांच्या बिल्ल्यावर तिन्ही, कडेपर्यंत दाटून बसलेली : शेवंता डोमाजी मेश्राम. एवढं लांब कशाला, असं कोणी म्हटलं तर म्हणत, "अर्धं नाव लिहून पितळ वाचवायचं हाय का?"

आता माझ्याबद्दल थोडं. आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं काम माझ्याकडे आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. बायकोच्या मते ते मी बळकावलेलं आहे. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, चार पाहुणे पानावरून उठले आणि हातात सुपारी आली की मी आजोबांची गोष्ट काढतो. उमरेडच्या पलीकडे आमचं गाव. तिथे शाळा नव्हती. आजोबा गावचे पाटील. त्यांनी स्वतःचं खळं शाळेला दिलं. मग कोणी लाकूड दिलं, कोणी चुना, कोणी कौलं, आणि शाळा उभी राहिली. कोणी काय दिलं ते कोरलेला दगड शाळेच्या दारावर बसवला, आणि त्यात सगळ्यांत वर आजोबांचं नाव आहे. ही गोष्ट मी सिस्टरांनाही ऐकवली, बाबांचं ड्रेसिंग चाललेलं असताना, हातवारे करून. हातवाऱ्यांत सलाइनची नळी ओढली गेली, पण गोष्ट मी थांबवली नाही.

त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग बाबांच्या चादरीची कड बोटांत धरून विचारलं, "अन् पोरं कायच्यावर बसत?"

"पट्ट्या होत्या ना. लांब, हातमागाच्या. दगडावर आहे तसं : बसायच्या पट्ट्या, समस्त गावकरी."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "मंग गाव एकच निघालं. मी बी तिथलीच."

मला कोण आनंद झाला! "बाबा, ऐकलं का, सिस्टर आपल्या गावच्या!" म्हणत मी वळलो, तर बाबांनी भिंतीकडे तोंड केलेलं. ऑपरेशनच्या कुशीवर वळायला डॉक्टरांची सक्त मनाई होती, तरी वळले होते. मला वाटलं, ड्रेसिंग झोंबलं असेल.

बाबा घरी आल्यावर सिस्टर महिन्यातून एका रविवारी येऊ लागल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पुढे त्या नोकरीतून सुटल्या, तरी येणं सुटलं नाही. उलट दर रविवारी येऊ लागल्या. बीपी बघायचं, गोळ्यांचा डबा उघडून तपासायचा, लोणचं खाल्लं म्हणून बाबांना झापायचं आणि चहा न घेता जायचं. अख्ख्या घरात बाबांना नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. "गणपतराव, हात." "गणपतराव, जीभ." तहसीलदार आले तरी खाटेवर आडवे राहून बोलणारे आमचे बाबा सिस्टरांची चाहूल लागली की उठून बसत आणि बंडीची वरची गुंडी लावत. बोलणं मात्र दोनच शब्दांचं, 'हो' आणि 'नाही'. इंजेक्शनची भीती, असं निदान मी करून ठेवलं होतं.

बाबांच्या खाटेखाली पाय टेकायला एक जुनी पट्टी अंथरलेली असे. लाल-काळ्या काठाची, मधून विटून ताकासारखी झालेली, पण एक धागा सुटेल तर शपथ. घरात तिला 'आजोबांची पट्टी' म्हणत. लहानपणी आम्ही भावंडं तिच्यावरच ओळीने जेवायला बसायचो. सिस्टर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी वाकून तिची कड बोटांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. त्यानंतर मात्र त्यांचा पाय त्या पट्टीवर कधीही पडला नाही. खाटेपर्यंत यायला त्या भिंतीला घासत वळसा घालून येत. मी बायकोला समजावलं, "नर्सेसना जंतूंचा फार विचार असतो." बायको म्हणाली, "मग धुऊन टाका ना." मी धुतली. पुढच्या खेपेलाही त्यांनी वळसा घातला.

अशी वर्षं गेली. मग शाळेची पंचाहत्तरी आली.

समितीची बैठक नागपूरला आमच्याच हॉलमध्ये भरली. अध्यक्ष माझा चुलतभाऊ प्रभाकरदादा. माझ्याकडे पाहुण्यांच्या स्वागताचं खातं. शाळेला नवं फाटक होणार होतं, आणि जुना दगड दारावरून काढून, अक्षरं घासूनपुसून, फाटकाच्या खांबात बसवायचा होता. वार रविवार. सिस्टर आल्या, आत जाऊन बीपी बघितलं, बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या.

"दगड हलवूनच राहिले, तर एक ओळ दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "पट्ट्या समस्त गावकऱ्यांनी नाही देल्या. माह्या बाबानं देल्या. डोमाजी मेश्राम. अडीच महिने खड्ड्यात पाय सोडून मागावर बसून बारा पट्ट्या विणल्या. अन् तिच्याखाली दुसरी ओळ टाका, का त्याची पोरगी अन् वस्तीतली तिघं लेकरं चार वर्षं ओसरीत उघड्या जमिनीवर बसली."

प्रभाकरदादा माणूस वाईट नाही. पण आमच्याकडे कुठलीही अडचण आली की तिला शाल पांघरवायची, ही रीतच आहे. तो म्हणाला, "सिस्टर, आपण असं करू. तुमचा जाहीर सत्कार करू. शाल, श्रीफळ, मानपत्र. स्टेजवर पहिल्या रांगेत खुर्ची."

"सत्कार काहून? मी केलं काय? मी तर नुसती बसली. शाल टाकली का माणूस चूप होते, हे मले ठाऊक हाय. शाल नको. ओळ पाहिजे."

"पहिली ओळ एक वेळ करू," कोणीतरी म्हणालं. "पण दुसरी? शाळेच्या दारावर असं लिहितात का कुठे? लेकरं वाचतील."

"लेकरांनीच वाचावं म्हणून तर."

"आणि याला पुरावा?" दादाचा आवाज चढला. "तेव्हा कायदा झाला होता. असं चालतच नव्हतं."

"कायदा झाला होता, दादा. पण तो नागपूरहून यायचा होता, अन् आपल्या गावाले बस नव्हती." सिस्टरांनी मान आतल्या खोलीकडे वळवली. "पुरावा तिथं खाटेवर बसला हाय. गणपतरावांनी सांगितलं तर मानाल?"

सगळ्यांनी त्या दाराकडे पाहिलं. आत खाट एकदा करकरली आणि गप्प झाली.

सिस्टरांना सोडायला मी जिन्यापर्यंत गेलो. विचारलं, "इतकी वर्षं येता, बाबांशी कधी बोलला का नाहीत याबद्दल?"

"मी बोलली का ती तक्रार होते, भाऊ. त्यांनी बोललं का ते खरं होते. मी वाट पाहून राहिली." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "बोलायले माणूस जिवंत पाहिजे ना? म्हणून तर गोळ्या वेळेवर देऊन राहिली."

मी वर आलो. बाबा खाटेवर होते, पण दोन्ही पाय वर घेतलेले, पट्टीपासून उंच. काय झालं होतं तेव्हा, असं विचारायला माझ्याकडे तोंड होतं, खोली रिकामी होती, वेळही होता. मी विचारलं नाही. जगभराच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली एक गोष्ट ऐकायची छाती झाली नाही, इतकं लिहून पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "काका बोलले तर गावात दोन तट पडतील. आजोबांचं नाव जाईल. तू सांभाळ." मी सांभाळलं. म्हणजे काय, तर सिस्टरांना फोन करून म्हणालो, "बाबांना आताशा जुनं काही आठवत नाही."

पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "सकाळची गोळी कोणती अन् रातची कोणती, हे त्यांले बराबर आठवते." आणि फोन ठेवल्याचा आवाज.

त्यानंतर तीन रविवार सिस्टर आल्या नाहीत. बाबा दर रविवारी गुंडी लावून बसत आणि विचारत, "बाई नाही आल्या?" मी सांगे, "गावाला गेल्यात." तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि गुंडी काढली.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा म्हणाले, मी येतो. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. त्यांनी खाटेखालची पट्टी स्वतः ओढली, वाकता येत नव्हतं तरी काठीने ओढली, गुंडाळली आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले. "बाबा, खुर्चीला पाय ठेवायला पायटा आहे," मी म्हणालो. "राहू दे," ते म्हणाले. उमरेडपर्यंत दोघांच्या वाटचं मीच बोललो. तूर कशी आहे, रस्ता कसा झाला, कोणाच्या घराला कोणता रंग दिला.

शाळेच्या फाटकाशी दगड कापडाखाली झाकून ठेवला होता. समितीने दुरुस्तीचा विषय 'पुढील सभेत' ढकलला होता, म्हणजे कापडाखाली जुन्याच ओळी होत्या. आत, शाळेच्या पायरीजवळ, माझं खातं : ओवाळायला दोघी, आणि घरची चांदीची गुलाबदाणी घेऊन माझी मुलगी. येईल त्याच्या अंगावर गुलाबपाणी. ही कल्पना माझी, आणि तिचा मला फार अभिमान होता. बाबांची चाकाची खुर्ची मी बाजूला, बाभळीच्या सावलीत लावली होती.

सिस्टर येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या एकट्या, बसथांब्याकडून चालत आल्या. अंगावर विटकरी रंगाची हातमागाची साडी. माझ्या मुलीने त्यांना पाहिलं. लहानपणापासून तिला कुशीत घेऊन ताप बघणाऱ्या सिस्टर! ती धावतच गेली आणि प्रेमाने, इतरांवर एकदा तर यांच्यावर दोनदा, गुलाबपाणी शिंपडलं. थेंब पदरावर पडले.

सिस्टर जागच्या जागी थांबल्या. रक्ताने माखलेली माणसं हाताळताना ज्यांची भुवई हललेली मी पाहिली नव्हती, त्या बाईंचा चेहरा दगड झाला. त्यांनी पदराची ओली कड बोटांत धरली. चोळली नाही. नुसती धरून उभ्या राहिल्या.

"थांब! शिंपडू नको!"

तो आवाज बाबांचा आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मांडवातली माणसं वळली. मुलीने गुलाबदाणी पाठीमागे लपवली. बिचारीला आपलं काय चुकलं तेच कळेना. दादा धावला, "काका, तब्येत...", आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आत ने त्यांना. लवकर." मी खुर्चीच्या मुठी धरल्या. डावीकडे शाळेची खोली, समोर पायरी. मी खुर्ची समोर ढकलली. यात धाडस वगैरे काही नव्हतं. मला खुर्ची वळवताच येत नाही, असं घरचे म्हणतात, आणि मी ते खोडून काढत नाही.

बाबांनी पायरीकडे बोट केलं.

"हेच पायरी. मी बारा वर्षांचा. बापानं लोटा देला माह्या हातात. डोमाजी पट्ट्या इथं ठेवून मांगं सरकला, त्या बाभळीखाली उभा राहिला, पोरीचं बोट धरून. मी एकेका पट्टीवर पाणी शिंपडलं, मंगच आत नेली. बारा खेपा. पोरगी पाहून राहिली होती."

"बारा नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आत अकराच गेल्या, गणपतराव. बारावीचं सांगा."

बाबांचा हात मांडीवरच्या गुंडाळीवर होता. "बारावी ओसरीसाठी होती. डोमाजीनं सांगितलं होतं, हे बाहेरच्या लेकरांसाठी. बाप म्हणे, ओसरीत पट्टी कायले पाहिजे? घरी ने. मीच नेली, डोक्यावर." त्यांनी गुंडाळीवर हात फिरवला. "आम्ही पाय पुसले हिच्यावर, शेवंता."

माझ्या डोळ्यांसमोर आम्ही भावंडं ओळीने बसलो होतो, पाटवडीच्या रश्श्याने बोटं माखलेली. आणि मी ती पट्टी साबणाने धुतली होती, सिस्टरांना जंतूंचा त्रास नको म्हणून.

दादा मध्ये पडला. "झालं, काका, झालं. सिस्टर, मनावर घेऊ नका. तो काळच तसा होता."

"काळानं नाही शिंपडलं, दादा," सिस्टर म्हणाल्या. "काळाले हात नसते."

"दोन्ही ओळी लिहा," बाबा म्हणाले. "नाही तर सगळ्यांत वरचं नाव काढा. माह्या बापाचं."

मागे कुजबुज वाढली. एकजण मोठ्याने म्हणाला, हा शुभ दिवस आहे का तमाशा, आणि चारपाच माणसं खुर्च्या सारून निघून गेली. दादा माझ्याकडे बघत होता. मी खुर्चीचा ब्रेक शोधत होतो. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका, तिशीतली मुलगी, आतून एक लहान फळा घेऊन आली. तिने सिस्टरांना विचारलं, "आजी, शब्द सांगा," आणि दोन्ही ओळी खडूने लिहून तो फळा दगडाच्या खाली टांगला. मग दगडावरचं कापड तिनेच ओढलं. अर्ध्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. अर्ध्याने नाही.

सिस्टरांनी बाबांच्या मांडीवरून पट्टी उचलली. ओसरीत गेल्या, अंथरली, आणि हात टेकत टेकत तिच्यावर बसल्या. गुडघे वाजले ते मला इथपर्यंत ऐकू आले, पण धरायला जायची हिंमत कोणाची झाली नाही. पाचेक मिनिटं बसल्या असतील. मग उठल्या, पट्टीची नीट घडी घातली, काखेत मारली.

"हे माह्या बाबाचं हाय. नेऊन राहिली."

"सिस्टर, गाडीने सोडतो," मी म्हणालो.

"नको. आता बस हाय."

कारागिराने दोन्ही ओळी कोरल्या तोवर समितीतल्या दोघांनी राजीनामे दिले होते आणि प्रभाकरदादाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचं बोलणं बंद, याची माझ्या बायकोने जाहीर तक्रार केली नाही. सिस्टर एकट्याच जाऊन दगड बघून आल्या. परतल्यावर फोन केला : "बोटानं वाचल्या. खोल हाय अक्षर. पावसानं जाणार नाही." पुढच्या रविवारी त्या घरी हजर. भिंतीकडून वळसा न घालता सरळ खाटेपर्यंत आल्या. "गणपतराव, हात." बीपी पाहून म्हणाल्या, "उतरलं." बाबा म्हणाले, "हो." बोलणं पुन्हा दोनच शब्दांवर आलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी चहा घेतला. माफी हा शब्द त्यांच्यात कधी निघाला नाही, एकदा मीच आगाऊपणाने विचारलं तर म्हणाल्या, "तुम्हाले गोष्टीचा शेवट पाहिजे, भाऊ. मले ओळ पाहिजे होती."

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. जिथे माझी बाही धरली होती, त्याच दवाखान्यात. त्यांच्या भाच्याने सांगितलं, घरी शेवटपर्यंत त्यांच्या अंगाखाली तीच पट्टी होती. मी भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांनी डोळे न उघडता माझी बाही चाचपली होती. सुती होती.

लग्नाकार्यात मी अजून गोष्ट सांगतो. आता ती बाभळीखाली उभ्या असलेल्या डोमाजीपासून सुरू होते, आणि ती सुरू झाली की काही पाहुण्यांना अचानक आइसक्रीमची आठवण येते.

बाबांच्या खाटेखाली आता काही नाही. नागपूरची ही थंडी, फरशी पायाला चावते. मी गालिचाचा तुकडा आणला; त्यांनी काठीने सारून दिला. मोजे आणले; घातले नाहीत. रोज सकाळी उठले की दोन्ही तळवे फरशीवर टेकवून दहा मिनिटं गप्प बसतात. परवा मी म्हटलं, "बाबा, थंडी बाधेल."

"बाधू दे," ते म्हणाले. "चार वर्षं बसली ते."

मी चप्पल काढून त्यांच्या शेजारी बसलो. दहा मिनिटं फार लांब असतात.